आठ सामने गावाचे, नववा हवा तिथे न्या

२०२४ च्या सीझनमध्ये आमच्या जॅक्सनव्हिलच्या अमेरिकन फुटबॉल टीमने, म्हणजे जॅग्वार्सनी, १७ सामने खेळले आणि त्यातले जॅक्सनव्हिलमध्ये झाले फक्त ७. आठ दुसऱ्यांच्या गावी आणि दोन लंडनला, तेही सलग दोन आठवडे. लंडनमधला दुसरा सामना वेम्बलीवर झाला, पॅट्रियट्सना ३२-१६ हरवलं आपण, आणि रेकॉर्डमध्ये तो आमचा घरचा सामना म्हणून लागलाय. घर इकडे फ्लोरिडात, सामना अटलांटिकच्या पलीकडे. २०२२ मध्येही हेच झालं होतं, तेव्हाही गावात सातच.

अमेरिकन फुटबॉलचे सामने परदेशात खेळवावेत का यावर इथे दर वर्षी ऑक्टोबर आला की वाद सुरू होतो आणि लोक दोन टोकांना जाऊन उभे राहतात, एक म्हणतात हा आमचा खेळ आहे आमच्याकडेच राहू द्या, दुसरे म्हणतात जग बदललंय, जिथे मागणी आहे तिथे जायलाच हवं. मला दोन्ही पटत नाही. खुशाल जा परदेशात, पण ज्या गावाने टीम सांभाळलीये त्याच्या वाटणीतला सामना उचलून नेऊ नका. आता हे नुसतं भावनेचं बोलणं वाटू नये म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्यांना एनएफएलचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगचं, गणित माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टीम ३२, प्रत्येकीचे सामने १७. २०२० पर्यंत १६ असायचे, आठ घरी आठ बाहेर, सरळ हिशेब. २०२१ पासून एक वाढवला आणि १७ हा विषम आकडा असल्यामुळे एका वर्षी अर्ध्या टीम्सना नऊ घरचे सामने मिळतात आणि उरलेल्या अर्ध्यांना आठ, पुढच्या वर्षी उलट. म्हणजे सप्टेंबर ते जानेवारी मिळून एका शहराच्या वाट्याला आठ किंवा नऊच दिवस येतात. आता बेसबॉल बघा, तिथे घरचे सामने ८१. बास्केटबॉलमध्ये एनबीएच्या टीमला ४१. डॉजर्स आणि कब्ज २०२५ च्या मार्चमध्ये टोकियोला जाऊन खेळले तर शिकागोच्या कब्जवाल्या माणसाचं फार काही गेलं नाही, उरलेल्या सामन्यांत तो पोट भरून बघू शकतो. फुटबॉलमध्ये एक सामना गेला की आठातला एक गेला, आणि तो परत मिळत नाही. ही एक गोष्ट बाजूला ठेवून 'बाकीचे खेळ जातात की परदेशात' म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

हे सुरू कधी झालं तर पॉइंट्स टेबलमध्ये मोजला जाणारा पहिला परदेशी सामना २ ऑक्टोबर २००५ ला मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियममध्ये झाला, कार्डिनल्सनी फोर्टीनायनर्सना ३१-१४ हरवलं आणि बघायला आलेले लोक होते १,०३,४६७. मग २००७ ला वेम्बली, पावसात चिखल झालेल्या मैदानावर जायंट्सनी डॉल्फिन्सना १३-१० हरवलं. त्याआधी १९८६ पासून प्रीसीझनचे म्हणजे सरावाचे सामने बाहेर नियमित व्हायचेच, पण त्यात कुणाचं काही पणाला लागत नसायचं. २००७ नंतर लंडन कायमचं झालं, २०२२ ला म्युनिक, २०२३ ला फ्रॅंकफर्ट, २०२४ ला साओ पावलो, आणि २०२५ मध्ये तर साओ पावलो, डब्लिन, लंडनला तीन, बर्लिन, माद्रिद असे मिळून सात सामने झाले. २०२६ साठी मेलबर्नचं एमसीजी ठरलंय, आपल्या क्रिकेटवाल्यांना ते मैदान सांगायला नको. लीगचे प्रमुख, कमिशनर रॉजर गुडेल उघड म्हणतात की त्यांना हा आकडा १६ वर न्यायचाय.

परदेशातल्या चाहत्यांबद्दल माझ्या मनात काहीही अढी नाही हे आधीच सांगते, कारण इथले बरेच लोक त्यांना 'टूरिस्ट' म्हणून हिणवतात आणि ते मला अजिबात आवडत नाही. जर्मनीत हा खेळ लीगने काल नेऊन ठेवलेला नाहीये. एनएफएलने युरोपात स्वतःची वसंत ऋतूतली लीग चालवली होती, २००७ ला बंद केली तेव्हा सहापैकी पाच टीम जर्मनीतल्या होत्या, फ्रॅंकफर्ट, बर्लिन, कोलोन, हॅम्बुर्ग आणि ऱ्हाइनकाठची ती ऱ्हाइन फायर. सहावी ॲम्स्टरडॅमची, जिथे १९९८ ला कर्ट वॉर्नर खेळला आणि पुढच्याच सीझनला सेंट लुईसला सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकून देऊन एमव्हीपी म्हणजे सर्वोत्तम खेळाडू झाला. त्या लोकांनी लीग बंद झाल्यावरही खेळ सोडला नाही, गावोगावचे क्लब चालू ठेवले. म्हणून २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये टॉम ब्रेडी या दिग्गज खेळाडूची टीम म्युनिकला उतरली आणि शेवटच्या मिनिटांत अख्खं स्टेडियम एका सुरात गायला लागलं तेव्हा टीव्हीवर बघतानाही अंगावर काटा आला. मेक्सिकोत तर पिढ्यानपिढ्या बघतात लोक. डब्लिनला २०२५ ला स्टीलर्स गेले त्यालाही एक नातं होतं, स्टीलर्सचं मालक रूनी घराणं मूळचं आयरिश, डॅन रूनी तर आयर्लंडमध्ये अमेरिकेचे राजदूत होते, आणि डब्लिनच्याच क्रोक पार्कवर ही टीम १९९७ ला सरावाचा सामना खेळूनही आलेली.

आणि भारतातल्या लोकांचंही सांगते. इथला दुपारी एकचा सामना भारतात रात्री साडेदहाला सुरू होतो आणि पहाटे दोनपर्यंत चालतो, रात्रीचा मोठा सामना तिकडे सोमवारी सकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे ऑफिसला निघायच्या गडबडीत. लंडनचा सामना मात्र ऑक्टोबरमध्ये बरोबर संध्याकाळी सातला लागतो. पुण्यातला माझा भाचा जॅग्वार्सचे सामने आख्खे बघतो ते फक्त लंडनचेच, मला मेसेज करत बसतो, ताई-दादा जेवायला बोलावत असतात आणि हा उठत नाही. त्याचा आनंद मला कळतो, तो हिरावून घ्यावा असं मला मुळीच वाटत नाही.

पण त्या वेळेमागचं कारणही बघायला हवं. इथे रविवारी तीन वेळा ठरलेल्या आहेत, दुपारी एक, मग चार-सव्वाचार, मग रात्री सव्वाआठच्या पुढे. लंडनचा सामना इथे सकाळी साडेनऊला लागतो, म्हणजे टीव्हीला चौथी खिडकी मिळाली, जाहिरातींचे आणखी तीन तास, आणि त्या वेळेला समोर दुसरा कुठलाच सामना नाही. २०२५ चा साओ पावलोचा सामना यूट्यूबवर जगभर फुकट दाखवला, सरासरी १ कोटी ७० लाखांच्या वर लोकांनी पाहिला. म्हणजे परदेशी सामना विकला जातो तो तिथल्या स्टेडियममधल्या लोकांना जेवढा, त्याच्या कितीतरी पट जास्त इथे घरी सोफ्यावर बसलेल्या माणसाला. लीगने धंदा करावा, त्यात गैर काही नाही, फक्त मग 'आम्ही खेळ जगभर पोचवतोय' हे एकच कारण पुढे करू नये.

आता गावाचं काय जातं ते. जॅक्सनव्हिल हे मोठं शहर आहे, जवळपास दहा लाख वस्तीचं, पण मोठ्या लीगमधली टीम इथे ही एकच, १९९५ पासून. ना बेसबॉल, ना एनबीए. घरच्या सामन्याच्या दिवशी सकाळी आठ-साडेआठपासून नदीकाठच्या पार्किंगमध्ये लोक जमायला लागतात, गाडीची मागची झडप उघडून ग्रिल पेटवतात, बाजूच्या तंबूतला कोण कुठला माहीत नसताना तुमच्या हातात प्लेट येते. मी भारतातून आले तेव्हा ऑफिसच्या बाहेर इथल्या कुणाशी दोन शब्द बोलायची सोय नव्हती, शेजारी 'हाय' म्हणून दार लावून घ्यायचे. या पार्किंगमध्ये मला माणसं भेटली. आमच्या रांगेत बसणारे एक आजोबा आहेत, बंदरावर काम करून रिटायर झालेले, पहिल्या सीझनपासून त्यांचं सीझन तिकीट आहे आणि 'डूऽऽवाल' अशी आरोळी त्यांनी दिली की चार रांगा पुढचे लोक मागे वळून बघतात. डुव्हाल ही आमची काउंटी, तिच्या नावाने ओरडायची इथली पद्धत. ते आजोबा आयुष्यात कधी लंडनला गेलेले नाहीत आणि जाणारही नाहीत.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. अमेरिकेतल्या बऱ्याच स्टेडियममध्ये खाण्यापिण्याचे काही स्टॉल स्वयंसेवी गट चालवतात, शाळांचे, चर्चचे, मुलांच्या क्लबचे, आणि विक्रीतला ठरावीक हिस्सा त्या गटाला मिळतो. आमच्या ओळखीतल्या एका घरातली मुलगी शाळेच्या बॅंडमध्ये ट्रम्पेट वाजवते आणि तिचे आईवडील इतर पालकांबरोबर असाच एक स्टॉल सांभाळतात. सामन्याच्या चार तास आधी जाऊन डोक्याला जाळी, हातात ग्लव्हज, नाचोजवर गरम चीज ओतायचं, कार्ड मशिन चालत नसलं की रांगेची बोलणी खायची, आणि हाफटाइमला तर श्वास घ्यायला फुरसत नाही. त्या पैशातून बॅंडचे युनिफॉर्म आणि स्पर्धेला जायची बस होते. एक सामना कमी म्हणजे त्यांच्या वर्षाच्या जमेतला थेट आठवा हिस्सा कमी. रस्त्यावर पार्किंगला जागा देणारे, स्टेडियमजवळचे छोटे बार, रोजंदारीवर येणारे सिक्युरिटीवाले, सगळ्यांचं तसंच. लंडनच्या सामन्याच्या हिशेबात यांच्यासाठी कुठला रकाना नसतो.

इथे पब्लिकच्या पैशाचा मुद्दा येतो आणि माझ्या मते सगळ्या वादात हाच सर्वात मजबूत मुद्दा आहे. जॅक्सनव्हिलचं स्टेडियम शहराच्या मालकीचं आहे. २०२४ च्या जूनमध्ये सिटी कौन्सिलने त्याच्या नूतनीकरणाला मंजुरी दिली, प्रकल्प १४० कोटी डॉलरचा, त्यात शहराचा वाटा ७७.५ कोटी डॉलर. बफलोच्या नव्या स्टेडियमला न्यूयॉर्क राज्याने ६० कोटी आणि एरी काउंटीने २५ कोटी दिले. नॅशव्हिलमध्ये सरकारी वाटा सव्वाशे कोटींच्या वर गेला. प्रत्येक वेळी सांगितलं जातं की टीम म्हणजे शहराची ओळख, ती टिकवायची तर एवढा खर्च करायलाच हवा. अर्थशास्त्रज्ञ मात्र वर्षानुवर्षं सांगतायत की स्टेडियमवर घातलेला सरकारी पैसा नोकऱ्या आणि टॅक्सच्या रूपाने वसूल होत नाही, या एका बाबतीत त्यांच्यात फारसे मतभेदही नाहीत. ते मान्य करूनही लोक हो म्हणतात, मीही हो म्हटलं असतं, कारण काही गोष्टी शहर नफ्यासाठी करत नाही, बागा आणि लायब्ररी आपण नफ्यासाठी बांधत नाही. पण मग शहराला परतावा म्हणून नक्की काय मिळालं? हेच आठ रविवार. पैशाच्या रूपाने परतावा नाहीये हे सगळ्यांना माहीत आहे, गावाने एकत्र जमायचे दिवस विकत घेतलेत. आणि मग त्यातलाच एक दिवस मालक दुसऱ्या देशात विकणार असेल तर हा व्यवहार सरळ राहिला नाही.

जॅग्वार्सच्या बाजूने जे सांगितलं जातं तेही लिहायला हवं, कारण त्यात तथ्य आहे. मालक शाहिद खान, लाहोरला जन्मलेले, गाड्यांच्या बंपरच्या धंद्यात शून्यातून उभे राहिलेले, २०१३ पासून टीमला दर वर्षी लंडनला नेतात, फक्त २०२० ला कोविडमुळे खंड पडला. क्लबचं म्हणणं असं की जॅक्सनव्हिल हे छोटं मार्केट, मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं इथे कमी, महागडे सुइट विकत घेणारे कमी, आणि लंडनच्या एका सामन्यातून इथल्या सामन्यापेक्षा खूप जास्त कमाई होते, ती कमाई आहे म्हणून टीम इथे टिकून आहे. जुने लोक हे धुडकावून लावत नाहीत, कारण त्यांना २००५ आठवतं, जेव्हा स्टेडियमच्या वरच्या भागातल्या जवळपास दहा हजार खुर्च्यांवर ताडपत्र्या घातल्या होत्या. तेव्हा नियम होता की तिकिटं आधी संपली नाहीत तर गावात सामना टीव्हीवर दिसणार नाही, म्हणून खुर्च्याच कमी केल्या. टीम सेंट लुईसला, लॉस एंजेलिसला किंवा थेट लंडनला जाणार अशा अफवा इथे वर्षानुवर्षं फिरल्या आणि त्या भीतीत लोकांनी एक सामना सोडून देणं मान्य केलं.

पण या युक्तिवादाला दोन उत्तरं आहेत. एक म्हणजे लीगमधला मोठा पैसा आता गेटवर येतच नाही. ग्रीन बे पॅकर्स ही एकमेव टीम लोकांच्या मालकीची असल्यामुळे दर वर्षी आपले हिशेब जाहीर करते, आणि २०२५ मध्ये जाहीर झालेल्या आकड्यांप्रमाणे टीव्ही वगैरे मिळून लीगकडून प्रत्येक टीमला आलेला समान वाटा होता ४३ कोटी २६ लाख डॉलर. एकही तिकीट विकायच्या आधी. छोट्या मार्केटचीच टीम जगावी म्हणून तर हे समान वाटप आहे. दुसरं उत्तर असं की मागणी एकदा मान्य केली की ती तिथेच थांबत नाही. २०२० च्या फेब्रुवारीत क्लबने जाहीर केलं होतं की त्या वर्षी एक नाही तर दोन घरचे सामने लंडनला होणार. तेव्हा घरचे सामने आठच होते, म्हणजे गावाला सहा. इथले लोक भयंकर चिडले होते, रेडिओवर दिवसभर फोन चालू होते. कोविड आला आणि ते बारगळलं, पण लीगने ते मंजूर केलं होतं हे विसरून चालणार नाही.

खेळाच्या दृष्टीनेही बघा. फुटबॉलमध्ये घरच्या मैदानाचा फायदा म्हणजे आवाज. समोरच्या टीमचा क्वार्टरबॅक लाइनवर उभा राहून साथीदारांना खेळी सांगत असतो तेव्हा स्टेडियम इतकं ओरडतं की त्याचं त्यालाही ऐकू येऊ नये, मग हाताने खुणा करायच्या, मग कुणीतरी आधीच हलतो आणि पाच यार्डांची पेनल्टी. आपला क्वार्टरबॅक बोलत असला की तेच लोक एकदम गप्प. हे गावातल्या पोराबाळांनाही कळतं. वेम्बलीवर प्रेक्षक बत्तीसच्या बत्तीस टीम्सच्या जर्सी घालून येतात, बघायला फार छान दिसतं, खरंच, पण ते दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवतात आणि कुठल्याही वेळी ओरडतात. कागदावर घरचा असलेला सामना खेळाडूंसाठी तटस्थ जागेवरचा होतो. सतरा सामन्यांच्या सीझनमध्ये एका विजयाने प्लेऑफ, म्हणजे पुढची बाद फेरी, हुकते. उलटंही होतं, २०२३ ला जॅग्वार्स दोन सामन्यांसाठी लंडनलाच मुक्कामाला होते, आठवडाभरात शरीर तिथल्या वेळेला सरावलं, आणि दुसऱ्या सामन्याला बफलो बिल्स शुक्रवारी सकाळी उतरून रविवारी खेळले. आम्ही २५-२० जिंकलो, त्यांचे दोन महत्त्वाचे खेळाडू त्याच सामन्यात जखमी झाले, मॅट मिलानो सीझनभरासाठी गेला आणि डक्वान जोन्स बरेच आठवडे बाहेर बसला. प्रवासामुळेच ते झालं असं मी म्हणणार नाही, पण असा असमान सामना मला जिंकूनही पटला नाही.

मैदानांचा प्रश्न आहेच. २०१८ ला चीफ्स आणि रॅम्सचा सामना अझ्टेकावर होता, गवताची अवस्था इतकी वाईट की सहा दिवस आधी तो लॉस एंजेलिसला हलवला, विमानाची तिकिटं काढून बसलेल्यांचं काय झालं असेल विचार करा. २०२४ ला साओ पावलोमध्ये खेळाडू जागोजागी घसरत होते. लंडनच्या टॉटनहॅम स्टेडियमने मात्र हे नीट केलंय, सॉकरचं गवत सरकवून बाहेर काढायचं आणि खाली फुटबॉलसाठी वेगळं कृत्रिम मैदान, स्टेडियम बांधतानाच तशी सोय केली.

युरोपातल्या सॉकरच्या चाहत्यांनी या बाबतीत आपल्यापेक्षा जास्त ठामपणा दाखवला. २००८ ला प्रीमियर लीगने ३८ सामन्यांच्या वर एक ३९ वा सामना परदेशात खेळवायची कल्पना काढली होती, इंग्लंडच्या लोकांनी इतका विरोध केला की ती गुंडाळावी लागली. २०२५ मध्ये स्पॅनिश लीगने व्हियारेयाल-बार्सेलोना सामना मायामीत ठरवला, म्हणजे विमानाने आमच्यापासून तासाभरावर. स्पेनमध्ये खेळाडूंनी सामने सुरू होताच काही सेकंद जागच्या जागी उभं राहून निषेध केला, चाहत्यांच्या संघटना उतरल्या, आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. मिलान-कोमो सामना ऑस्ट्रेलियात पर्थला व्हायचा होता, तोही बारगळला. तिथे लोकांचं म्हणणं एकच, लीगचा सामना ज्या गावाचा त्या गावात. इथे अमेरिकेत मात्र आपण टीम ही मालकाची मालमत्ता असं इतकं अंगवळणी पाडून घेतलंय की विचारायचं असतं हेच लोकांना सुचत नाही.

कुणाचं काही न घेता खेळ बाहेर नेता येतो याचं उदाहरण तर मुंबईतच घडलंय. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स दोन सामने खेळले, प्रीसीझनचे. पहिला सामना बघायला हजारो शाळकरी मुलं होती, ओव्हरटाइमपर्यंत गेला, पेसर्सनी एका गुणाने जिंकला. सॅक्रामेंटोच्या सीझन तिकीटवाल्याचा त्यात एकही सामना गेला नाही. यावर लगेच कुणी म्हणेल की सरावाच्या सामन्याला कोण किंमत देतं, आणि फुटबॉलमध्ये ते खरंही आहे, स्टार खेळाडू प्रीसीझनला बाहेरच बसतात. म्हणून मी फक्त प्रीसीझन न्या असंही म्हणत नाही.

खेळ रुजतो कशाने हाही प्रश्न आहे. २०१२ च्या सुमाराला भारतात अमेरिकन फुटबॉलची एक लीग सुरू झाली होती, त्यात पुणे मराठाज नावाची टीम होती, मुंबईची होती. गाजावाजा झाला आणि पुढे सगळं विरलं, कारण खाली शाळा-कॉलेजात खेळणारी पोरं तयार नव्हती, वरून आणलेला खेळ वरच राहिला. याउलट जॉर्डन मायलाटा बघा, सिडनीचा, रग्बी लीग खेळणारा पोरगा, आयुष्यात अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेला. लीगच्या परदेशी खेळाडूंसाठीच्या कार्यक्रमातून आला, ईगल्सनी २०१८ ला नव्या खेळाडूंच्या निवडीत सातव्या राउंडला घेतला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकला. एका मायलाटामुळे ऑस्ट्रेलियातली जेवढी मुलं हा खेळ बघायला लागली असतील तेवढी एका रात्रीच्या सामन्याने लागतील असं मला वाटत नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल येतोय, त्यात अंगावर कोसळणं नाही, हेल्मेट-पॅडचा खर्च नाही, मुलीही खेळतात. लीगने भारतात, आफ्रिकेत, ब्राझीलमध्ये पैसा घालायचा तर तिथे घालावा.

मग करायचं काय? उत्तर १७ या आकड्यातच आहे. आठ घरी, आठ बाहेर, आणि एक तटस्थ जागेवर. प्रत्येक टीमचा एकच, सगळ्या ३२ टीम्सचा, म्हणजे वर्षाला १६ सामने, जेवढे गुडेलना हवेत तेवढेच. आज ज्या नवव्या सामन्यावरून अर्ध्या टीम्सना फायदा आणि अर्ध्यांना तोटा होतो तो असमतोलही जाईल, कुणा एकाच्या डोक्यावर दर वर्षीचं लंडन बसणार नाही, आणि बर्लिनच्या माणसालाही कळेल की समोरचा सामना खरा आहे. आत्ताही लीग साधारणपणे नऊवाल्या टीमचाच सामना बाहेर काढते, पण एखादा मालक स्वतःहून आठवालं वर्ष असताना द्यायला तयार झाला तर त्याला कुणी अडवत नाही, आणि नेमकं तेच बंद व्हायला हवं. पॅकर्सचं बघा ना. ३२ टीम्समध्ये सीझनचा सामना खेळायला परदेशात सगळ्यात शेवटी गेली ती ही टीम, २०२२ ला. गावाची वस्ती लाखभर, स्टेडियम ८१ हजारांचं, सामन्याच्या दिवशी अख्ख्या गावाचं दुकान चालतं. त्यांनी वर्षानुवर्षं घरचा सामना द्यायला नकार दिला आणि नववा सामना हातात आला तेव्हाच टॉटनहॅमला जाऊन जायंट्सशी खेळले. तिथे मालक म्हणजे पाच लाखांहून जास्त शेअरहोल्डर, ज्यांना डिव्हिडंड मिळत नाही, म्हणून निर्णय गावाच्या बाजूने झाला.

धोका आहे तो १८ सामन्यांचा. मालकांना १८ हवेत आणि ते परदेशी सामन्यांच्या जोडीनेच मागितले जातायत. १८ झाले की नऊ-नऊ, आकडा पुन्हा सम, आणि प्रत्येक परदेशी सामना पुन्हा कुणाच्या तरी वाटणीतून जाणार. वर खेळाडूंच्या शरीरावर आणखी एक आठवडा. खेळाडूंच्या युनियनशी झालेला करार २०३० च्या सीझनपर्यंतचा आहे आणि त्याआधीच बोलणी सुरू होतील, त्या टेबलावर मालक असतील, युनियन असेल, टीव्हीवाले बाहेर उभे असतील, शहरांना तिथे खुर्ची नाही. शहरांच्या हातात फक्त स्टेडियमचा करार आहे. तेव्हा ज्या ज्या शहरात आज नव्या स्टेडियमची किंवा दुरुस्तीची बोलणी चालू आहेत तिथल्या लोकांनी, त्यात आपली मराठी मंडळीही आली, टॅक्स आपणही भरतो, कौन्सिलच्या मीटिंगला जाऊन एवढं एक कलम मागावं की आठ घरचे सामने याच मैदानावर होतील, आणि एखादा बाहेर नेला तर शहराने दिलेल्या पैशातला त्या सामन्याचा वाटा त्याच वर्षी परत जमा होईल. मीटिंगच्या सुरुवातीला नागरिकांना बोलायला काही मिनिटं मिळतात, आधी नाव नोंदवावं लागतं एवढंच, सिटिझनशिप कुणी विचारत नाही.